मॉडेल डब्यावरची कारखान्याची अक्षरं काढून आपल्या मार्गाची अक्षरं कशी लावायची

बाजारात मिळणारे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले डबे आणि वॅगन बहुतेक अमेरिकन किंवा युरोपीय रेल्वेच्या नावाचे असतात. मिरज-लोंढा मार्गाचा देखावा मांडायचा, घटप्रभा, बेळगाव, खानापूर अशी स्टेशनं उभी करायची आणि मालगाडीवर मात्र परक्या कंपनीचं नाव, हे डोळ्यांना खटकतं. नव्याने या छंदात आलेले बहुतेक जण अशा वेळी सगळा डबा खरवडून पुन्हा रंगवायला घेतात. तसं करू नका. कारखान्याचा रंग घरच्या स्प्रेपेक्षा पातळ आणि एकसारखा असतो. तो गेला की रिव्हेट आणि फळ्यांच्या रेषा पुन्हा तितक्या उठून दिसत नाहीत. रंग वाचवायचा आणि फक्त अक्षरं काढायची, हेच खरं काम आहे. एका वॅगनला प्रत्यक्ष हाताचं काम चार-पाच तासांचं असतं, पण वाळण्याचा वेळ धरून चार दिवस द्या.

१. आधी काळ ठरवा

अक्षरं कोणती लावायची हे तुमच्या देखाव्याच्या सालावर ठरतं. हा मार्ग ज्यात येतो तो हुबळी विभाग १ एप्रिल २००३ पर्यंत दक्षिण मध्य रेल्वेत होता; त्या दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू झाली आणि हुबळी तिचं मुख्यालय झालं. म्हणजे २००३ पूर्वीच्या गाडीवर ‘दम’ आणि नंतरच्या गाडीवर ‘दप’. मिरजेकडून येणाऱ्या मध्य रेल्वेच्या डब्यावर ‘म’ चालतो, आणि मालगाडीत तर सगळ्या झोनच्या वॅगन एकत्र असतात, त्यामुळे तिथे मोकळीक आहे. बेळगावचं नाव बदलून ‘बेळगावी’ झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला. डब्यावरचा गंतव्य फलक करताना ही तारीख विसरू नका.

खऱ्या गाडीचे फोटो हवेतच. बेळगावातल्या टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी जायची वाट बघत थांबलेलं असताना रस्त्यावरूनच डब्याची बाजू नीट दिसते. निदान तीन गोष्टींचे फोटो जमवा: झोनची आद्याक्षरं, क्रमांक आणि खालच्या कोपऱ्यातली बारीक माहिती.

प्रवासी डब्याच्या जुन्या पद्धतीच्या पाच अंकी क्रमांकात पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष आणि शेवटचे तीन प्रकार दाखवतात. २०१ ते ४०० हे स्लीपरचे. म्हणजे ९८२३४ हा १९९८ चा स्लीपर. जनरल डब्यावर हा क्रमांक लावला तर जाणकाराला लगेच कळतं.

वॅगनचा क्रमांक अकरा अंकी असतो: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (दक्षिण पश्चिमचे १५), पुढचे दोन वर्षाचे, मग चार अनुक्रमांकाचे आणि शेवटचा तपासणी अंक. हा शेवटचा अंक मनाने घालायचा नसतो. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवा, आणि येणारी संख्या पुढच्या दहाच्या पटीला जितकी कमी पडते तो अंक घ्या. बेरीज स्वतःच दहाच्या पटीत आली तर तपासणी अंक शून्य. उदाहरण म्हणून ३१ १५ १२ ३४५६ घ्या. सम स्थानं १+५+२+४+६ = १८, तिप्पट ५४. विषम स्थानं ३+१+१+३+५ = १३. एकूण ६७, सत्तरला तीन कमी. पूर्ण क्रमांक ३११५१२३४५६३.

२. काय काय लागेल

अक्षरं काढायला: आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, १०० मिली. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए द्या’ म्हटलं की मिळतं. सॅनिटायझर चालत नाही. त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. कापसाचे बड चाळीस-पन्नास, लाकडी टूथपिक, पांढरा खोडरबर, २००० नंबरचा वॉटर पेपर, मऊ जुना टूथब्रश, भांड्याचं लिक्विड.

अक्षरं लावायला: वॉटरस्लाइड डेकल पेपर (यावर छापलेली अक्षरं, म्हणजे डेकल, पाण्यात भिजवली की पातळ फिल्मसकट सुटतात आणि डब्यावर सरकवता येतात), डेकल बसवायचं आणि मऊ करायचं द्रावण, ग्लॉस आणि मॅट ॲक्रिलिक वॉर्निश, नवीन ब्लेडचा कटर, टोकदार चिमटा, शून्य नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, मिलिमीटरची स्टील पट्टी, टिश्यू पेपर आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातला क्षार वाळल्यावर अक्षराभोवती पांढरी कड धरतो आणि मॅट वॉर्निशखाली ती जास्तच दिसते.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरू नका. आयपीएचा थेंब पडला की छपाईची शाई सुटते आणि डब्याला लागते. पांढरा कोरा कागद किंवा जुनी सुती ओढणी बरी.

३. डबा सोडवा

बॉडी चाकांच्या सांगाड्यापासून वेगळी करा. बोगी, कपलर (डबे जोडणारा आकडा), वजनाची पट्टी आणि खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक सगळं काढा. खिडक्या काढणं टाळू नका: पारदर्शक प्लास्टिकवर अल्कोहोल गेलं की आतून केसासारख्या चिरा पडतात, आणि त्यावर उपाय नाही.

मग डब्याच्या आतली बाजू बघा. आत आणि बाहेर एकच रंग असेल तर प्लास्टिकच रंगीत आहे, वर रंग नाही, काम सोपं. आत काळं किंवा करडं आणि बाहेर तांबडं असेल तर वर रंगाचा थर आहे आणि हात जपून चालवायला हवा. दोन्ही बाबतीत, पुढचं प्रत्येक द्रावण आधी डब्याच्या तळाला नखाएवढ्या जागेवर लावून दोन मिनिटं थांबा. रंग बडवर आला किंवा जागा चिकट लागली तर ते द्रावण त्या डब्यासाठी बाद.

४. अक्षरं काढा

कारखान्यात ही अक्षरं पॅड प्रिंटिंगने उमटवलेली असतात: सिलिकॉनच्या मऊ ठोकळ्याने शाईचा अगदी पातळ थर रंगावर ठेवलेला असतो. तो थर सहसा खालच्या रंगापेक्षा कमी घट्ट धरलेला असतो, आणि त्या फरकाचाच फायदा आपण घेतो. म्हणून सौम्य उपायापासून सुरुवात करून पायरीपायरीने वर जायचं.

पहिली पायरी, कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड. बोटांचं तेल निघालं की पुढचं द्रावण सगळीकडे सारखं काम करतं.

दुसरी पायरी, डेकल मऊ करायचं द्रावण. अक्षरांच्या मापाचा टिश्यूचा तुकडा कापून अक्षरांवर ठेवा, ब्रशने द्रावणात भिजवा आणि पाच ते दहा मिनिटं राहू द्या. वाळायला लागलं तर पुन्हा एक थेंब. मग टूथपिकचं टोक चावून किंवा ठेचून ब्रशसारखं करा आणि अक्षर हलक्या हाताने ढकला. बऱ्याच डब्यांवरची अक्षरं इथेच सालासारखी सुटतात.

तिसरी पायरी, आयपीए. बड बुडवा, टिश्यूवर टेकवून जादा द्रव काढा. बड ओला हवा, ठिबकता नको. एका वेळी एकच अक्षर घ्या. बड घासायचा नाही, बोटांत फिरवत अक्षरावरून लोळवायचा. घासलं तर सुटलेली पांढरी शाई आजूबाजूच्या रंगात पसरते आणि दुधाळ डाग होतो. बडवर रंग दिसला की तो टाकून नवा घ्या. एका वॅगनच्या एका बाजूला दहा-बारा बड लागतात, त्यात काटकसर करू नका. पांढऱ्याऐवजी बडवर डब्याचाच रंग यायला लागला की तिथेच थांबा, कोरड्या टिश्यूने टिपा आणि दहा मिनिटं त्या जागेला हात लावू नका. अल्कोहोलने मऊ झालेला रंग वाळला की पुन्हा घट्ट होतो. त्या दहा मिनिटांत घाई केली तर खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

उभ्या पट्ट्या आणि रिव्हेटच्या कडेला बड पोचत नाही. टूथपिकच्या टोकाला कापसाचा धागा गुंडाळून तो आयपीएत बुडवा आणि वरून खाली, पट्टीच्या दिशेनेच ओढा. आडवं ओढलं की रिव्हेटच्या टोकावरचा रंग आधी जातो.

चौथी पायरी अगदी हट्टी अक्षरांसाठी: खोडरबर, आणि त्यानेही नाही झालं तर पाण्यात भिजवलेला २००० चा वॉटर पेपर, टूथपिकच्या टोकाएवढा तुकडा चिकटवून. हे फक्त सपाट जागेवर.

काय वापरायचं नाही तेही सांगायला हवं, कारण घरात ते हाताशी असतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतो. अक्षराबरोबर फळ्यांच्या रेषाही जातात. एनसी थिनर आणि पेट्रोलही तसंच. गाडीचं ब्रेक ऑइल अख्खा रंग उतरवतं, आपल्याला ते नको आहे, शिवाय ते विषारी आहे. डबा रात्रभर आयपीएत बुडवूनही ठेवू नका: प्लास्टिक ठिसूळ होतं आणि नंतर कपलरचा स्क्रू पिळताना चिरतं.

आयपीए चटकन पेट घेतं. गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करा.

५. अक्षरांची सावली

अक्षरं गेली तरी तिरप्या उजेडात त्यांची आकृती दिसते. जुन्या डब्यावर असं हमखास होतं, कारण अक्षराखालचा रंग उन्हाने विटलेला नसतो. घासून ती जात नाही. नव्या अक्षरांची जागा सावलीवरच येईल अशी मांडणी करा, किंवा मूळ रंगापेक्षा किंचित गडद रंगाचा चौकोन मास्किंग टेप लावून मारा आणि क्रमांक त्यावर लावा. खऱ्या वॅगनवरही क्रमांक नव्याने लिहिताना असे ताज्या रंगाचे चौकोन मारतात, त्यामुळे ते खोटं वाटत नाही.

६. ग्लॉस थर

डबा साबणाने धुवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग जिथे अक्षरं येणार तिथे ग्लॉस वॉर्निशचे दोन पातळ थर. ही पायरी गाळली की डेकलखाली चांदीसारखी चमक दिसते. कारण साधं आहे: मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक फिल्मखालून ती चमकते.

स्प्रेचा डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात न थांबवता फिरवा. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्प्रेमधले सॉल्व्हंट उघड्या प्लास्टिकला खाऊ शकतात. आतल्या बाजूला आधी चाचणी घ्या. ब्रशने लावायचं पाण्याचं ॲक्रिलिक वॉर्निश जास्त सुरक्षित.

आपल्याकडचा पाऊस हा यातला मोठा अडथळा. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव पट्ट्यात हवेत इतका दमटपणा असतो की स्प्रे मारताच वॉर्निश पांढुरकं पडतं. सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारीच फवारणी करा. पांढुरकं झालंच तर कोरड्या दिवशी त्यावर आणखी एक अगदी पातळ थर द्या, बहुतेक वेळा ते साफ होतं.

७. मजकूर मांडा

खऱ्या अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये घ्या आणि ८७ ने भागा. १०० मिलिमीटरचं अक्षर एचओमध्ये १.१५ मिलिमीटर होतं. एन मापात (१:१६०) ते ०.६३ होतं. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा. म्हणजे एचओच्या अक्षराला उंचीत सत्तावीस ठिपके मिळतात, एनला फक्त पंधरा. पंधरा ठिपक्यांत शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षर बसत नाहीत. एन मापाला १२०० डीपीआय घ्या, किंवा बारीक माहिती सोडून फक्त क्रमांक आणि आद्याक्षरं लावा.

आपल्या भागातल्या डब्यांवर हिंदी, इंग्रजीबरोबर कन्नडही येतं, आणि नवखे इथे अडखळतात. तिन्ही लिप्यांना एकच फाँट साइझ दिला तर अक्षरं सारख्या उंचीची दिसत नाहीत, कारण फाँटचा आकडा म्हणजे अक्षराची उंची नव्हे. प्रत्येक ओळ वेगळी ठेवा आणि पट्टीने मोजून जुळवा. देवनागरीत शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजा, मात्रा धरू नका. कन्नडमध्ये जोडाक्षराचा भाग, म्हणजे ओत्तक्षर, ओळीखाली लटकतं, म्हणून खाली निदान अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा. नाहीतर कापताना ब्लेडखाली जातं. दोन्ही लिप्यांना एकसारख्या जाडीचा, ना ठळक ना बारीक असा फाँट निवडा. ठळक अक्षरात ‘श्च’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा भरून नुसता ठिपका उरतो.

फाइल दुकानात न्यायची असेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी रेषांच्या आकृत्यांत, बदलून पीडीएफ करा. डीटीपीच्या दुकानात मराठीला श्री-लिपी आणि कन्नडला नुडी असे जुन्या पद्धतीचे फाँट असतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे उघडला की वेलांट्या उड्या मारतात आणि घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी वॅगन करत असाल तर कोपऱ्यातली माहिती खरी लिहा: रिकामं वजन २२.४७ टन, वाहनक्षमता ५८.८१ टन.

८. छपाई, आणि पांढऱ्या रंगाचा प्रश्न

आधी साध्या कागदावर छापा आणि डब्याला धरून बघा. प्रिंटच्या खिडकीत ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडलेलं हवं. ‘फिट टू पेज’ राहिलं तर सगळं थोडं आखडतं आणि अकरा अंक पट्ट्यांच्या मधल्या जागेत बसत नाहीत.

डेकल पेपर लेझरचा वेगळा, इंकजेटचा वेगळा. इंकजेटचा पेपर लेझरमध्ये घातला तर आतल्या उष्णतेने फिल्म रोलरला चिकटते आणि झेरॉक्सवाल्याचं मोठं नुकसान होतं. पाकीट त्याला दाखवूनच द्या, कागद बायपास ट्रेमधून आणि जाड कागदाच्या सेटिंगवर घालायला सांगा, म्हणजे टोनर नीट पक्का होतो. इंकजेटवर छापलं तर एक दिवस वाळवून ॲक्रिलिक क्लिअर स्प्रेचे तीन थर द्या. पहिला फक्त धुक्यासारखा. तो ओला पडला की शाई पसरते.

अडचण अशी की मालडब्यांवरची अक्षरं पांढरी असतात आणि साधा प्रिंटर पांढरं छापत नाही. पांढऱ्या डेकल पेपरवर भोवती तपकिरी छापून आत अक्षर कोरं ठेवता येतं, पण तो तपकिरी डब्याच्या रंगाशी कधीच जुळत नाही. सावली झाकायला गडद रंगाचं चौकोनी ठिगळ केलं असेल तरच हा मार्ग घ्या. पांढऱ्या टोनरचा प्रिंटर असलेल्याकडून छापून घेणं सर्वांत सोपं. रेडियम कटिंगवाल्यांकडे जाऊ नका: चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर प्लॉटरवर फाटतं, आणि फिल्मची जाडी एचओ डब्यावर पायरीसारखी दिसते.

पाच-सात जणांना मिळून पन्नास-साठ वॅगन करायच्या असतील तर लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटरला भेटा. डेकल पेपरवर पांढऱ्या शाईने छापलेली अक्षरं सर्वांत भरीव दिसतात. त्याच्याकडची सगळ्यात बारीक जाळी मागा आणि आधी एकच कागद काढून भिंगाने बघा: ‘दप’मधल्या ‘द’चं पोट मोकळं दिसलं तर पुढे जा.

९. डेकल लावा

अक्षराच्या शक्य तितकं जवळून कापा, कडेची मोकळी फिल्म जितकी कमी तितकं चांगलं. ब्लेड नवं हवं. बोथट ब्लेडने कड उचलली जाते.

जागेची खूण म्हणून डब्यावर मास्किंग टेपची सरळ पट्टी लावा, तिची वरची कड म्हणजे अक्षरांची तळरेषा. डोळ्याने अंदाज घेतला की अकरा अंकांत शेवटचा अंक नक्की खाली उतरतो.

तुकडा चिमट्याने धरून कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-वीस सेकंद बुडवा, बाहेर काढून बशीत मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत ठेवला तर गोंद धुऊन जातो. डब्यावर बसवायच्या द्रावणाचा एक थेंब लावा; ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात. डेकल कागदासकट जागेवर टेकवा आणि ब्रशने कागदावरून सरकवा. कागद ओढा, डेकल ओढू नका. जागा नीट झाली की टिश्यूने मधून कडेकडे टिपा.

पंधरा मिनिटांनी मऊ करायचं द्रावण ब्रशने लावा. डेकल सुरकुततं, गोळा झाल्यासारखं दिसतं. याच क्षणी नवखा माणूस बोट लावतो आणि अक्षर फाडतो. हात लावू नका. वाळताना ते आपोआप रिव्हेटवर ताणून बसतं. घरी छापलेल्या डेकलची फिल्म जाड असते, तिला दोन-तीन वेळा द्रावण लागतं. उभ्या पट्टीवरून अक्षर जात असेल तर पट्टीच्या दोन्ही कडांना ब्लेडने चीर द्या आणि मग द्रावण लावा.

दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात बघा. कुठे चांदीची चमक दिसली तर तिथे बारीक सुईने तीन-चार भोकं पाडून पुन्हा द्रावण सोडा. एक बाजू पूर्ण वाळल्यावरच डबा उलटून दुसरी घ्या.

१०. मॅट थर आणि जोडणी

ओल्या टिश्यूने द्रावणाचे डाग पुसा, चार-पाच तास थांबा, आणि सगळ्या बाजूवर मॅट वॉर्निशचे दोन पातळ थर द्या. डेकलची कड इथे नाहीशी होते. पहिला थर जाड मारला तर अक्षर खालून सुटून वळतं. मॅट झाल्यावरच धूळ-गंजाचा रंग लावा, त्याआधी नाही. खिडक्या सर्वांत शेवटी बसवा, मॅट स्प्रेने त्या धुरकट होतात.

उरलेला डेकल पेपर बटर पेपरमध्ये, सपाट, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत ठेवा. एक पावसाळा काढलेला कागद वापरण्याआधी त्यातला एखादा फुकट जाणारा अंक पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर संपूर्ण कागदावर क्लिअर स्प्रेचा एक थर द्या, वाळू द्या आणि मग प्रत्येक अक्षर अगदी कडेने कापून वापरा.